नई तालीमचा जमाखर्च

झाकिर हुसेन समितीने वर्धा शिक्षण योजनेचा, म्हणजेच नई तालीमचा किंवा बुनियादी शिक्षणाचा, अहवाल 2 डिसेंबर 1937 रोजी सादर केला. त्यात शाळेच्या दिवसाचे एक वेळापत्रक आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यातले 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटे, मातृभाषेला 40, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून 30, शारीरिक शिक्षणाला 10 आणि मधली सुट्टी 10 मिनिटांची. वर्षातून 288 दिवस शाळा. शरीर, बुद्धी आणि आत्मा या तिन्हींचे शिक्षण अशी ज्या योजनेची ओळख आजही भाषणांतून करून दिली जाते, तिच्या वेळापत्रकात आत्म्यासाठी एक मिनिटही राखून ठेवलेले नाही. धर्माचा तास नाही, नीतिपाठ नाही, ध्यानधारणा नाही. समितीत विनोबा भावे होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला होते. अध्यात्माची आठवण करून द्यावी लागेल असे त्यांत कोणीच नव्हते. म्हणजे हे जाणूनबुजून केलेले होते. या योजनेत अध्यात्म जिथे खरोखर मुरलेले होते, ती जागा म्हणजे तिची सर्वांत जास्त टिंगल झालेला भाग: मुलांच्या कामाचा जमाखर्च. पुढे सरकारी शाळांनी प्रार्थना ठेवली, टकळी ठेवली आणि जमाखर्च तेवढा काढून टाकला. योजनेचा ऱ्हास तिथून सुरू झाला, असे मला वाटते.

आत्म्याला वेगळा तास नको, या विचाराचे मूळ वर्ध्यात नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर 1910 नंतर सत्याग्रहींची कुटुंबे राहत होती आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याचे काम गांधीजींवर येऊन पडले. मुले हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. भाषा तमिळ, तेलुगू, गुजराती, हिंदी. नोकर नाहीत. स्वयंपाकापासून मैलासफाईपर्यंत सगळे मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून करायचे, आणि जे शिक्षक स्वतः करत नाही ते मुलांना सांगायचे नाही, असा दंडक. गांधीजींचे सहकारी हर्मान कॅलनबाख ट्रॅपिस्ट संन्याशांच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि मग मुले शिकली. आत्मकथेत आत्मिक शिक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. भजने म्हणून घेणे, नीतीची पुस्तके वाचून दाखवणे हे सगळे करून पाहिल्यावर गांधीजी तिथे या निष्कर्षाला येतात की, शरीराचे शिक्षण जसे शरीर वापरून होते तसे आत्म्याचे शिक्षण शिक्षकाच्या आत्म्याच्या व्यायामातूनच होते. मुले समोर असोत वा नसोत, शिक्षकाचे वागणे हाच धडा. त्याच प्रकरणात त्यांनी एका उनाड मुलाला रूळ मारल्याची आणि त्याबद्दलच्या पश्चात्तापाची कबुली आहे. 1937 साली वेळापत्रकातून धर्माचा तास गळाला, त्यामागे हा 25 वर्षांपूर्वीचा अनुभव होता.

पण 1937 सालीच हा विषय का निघाला, याचे कारण आध्यात्मिक नाही, रोकडे आहे. 1935 च्या कायद्याखाली निवडणुका होऊन प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले होते आणि प्रांतिक सरकारांच्या तिजोरीत शिक्षणासाठी जो पैसा होता त्यातला मोठा वाटा अबकारीतून येत होता. म्हणजे बापाने दारू प्यायची आणि त्या पैशावर मुलाने शिकायचे, असा तो व्यवहार. दारू बंद केली तर शाळा बंद पडणार, शाळा चालवायच्या तर गुत्ते चालू ठेवणे भाग. हा पेच गांधीजींना असह्य वाटला आणि त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहायला सुरुवात केली: शाळेने आपला खर्च आपण काढावा. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, जे पुढे नवभारत विद्यालय झाले, 22 आणि 23 ऑक्टोबरला परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल हजर होते. शास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होते, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा होते. चार ठराव झाले. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, शिक्षणाच्या केंद्रस्थानी उत्पादक हस्तोद्योग, आणि अशा कामातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. पहिल्या दोन ठरावांवर फारसे दुमत नव्हते. तिसरा शिक्षणतज्ज्ञांना आवडला, कारण ड्यूई आणि पेस्टालोझी वाचलेल्यांना तो ओळखीचा वाटला. चौथा जवळजवळ कोणालाच पचला नाही.

तो का पचला नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्याच्याशिवाय तिसऱ्या ठरावाचे काय होते हे पाहण्यासाठी कामाच्या जवळ जावे लागते. वर्धा हा कापसाचा मुलूख, तेव्हा मूलोद्योग म्हणून कताई ओघानेच आली. कापूस वेचायचा, पाला-कचरा काढायचा, सरकी वेगळी करायची, रुई पिंजायची, पेळू वळायचे, मग टकळीवर आणि पुढे चरख्यावर कातायचे. काढलेले सूत मोजायचे ते तारांवर. एक तार 4 फुटांची, 640 तारांची एक गुंडी. आता सुताचा नंबर ठरतो तो वजनावर: एक पौंड सुतात किती गुंड्या बसतात, तितका त्याचा नंबर. पौंड म्हणजे जवळपास 39 तोळे. मुलाने आपली गुंडी तराजूत टाकली आणि ती 2 तोळे भरली तर सूत साधारण 20 नंबरचे, 4 तोळे भरली तर 10 नंबरचे. वजन दुप्पट, नंबर निम्मा. व्यस्त प्रमाण नावाची जी गोष्ट पुढे अंकगणिताच्या पुस्तकात कामगार आणि दिवसांच्या कृत्रिम उदाहरणांतून शिकवली जाते, ती इथे मुलाच्या तळहातावर होती. पेळूत कचरा राहिला की तार तुटते. तुटले की तूट वाढते. तूट किती झाली हे दिलेल्या रुईच्या वजनातून सुताचे वजन वजा केले की निघते, आणि ते वहीत लिहावे लागते. इथे खोटे बोलायला जागा नाही. मास्तरांची मर्जी, पाठांतर, बापाचे नाव यांतले काही तराजूला कळत नाही. सचोटी हा शब्द एकदाही न उच्चारता सचोटीचा सराव रोज 3 तास 20 मिनिटे होत होता. गांधीजींच्या दृष्टीने सत्य हाच ईश्वर असेल तर या तराजूपाशी जे घडत होते त्याला उपासना म्हणायला हरकत नसावी.

आणि या सगळ्याला अर्थ होता तो त्या सुताचे पुढे कापड होणार होते म्हणून. सूत विणकराकडे जाणार, ते कच्चे निघाले तर विणकर परत पाठवणार, आणि त्याच्या किमतीतून मास्तरांच्या पगाराचा काही भाग निघणार. अहवालाने शिक्षकाला दरमहा 25 रुपये, निदान 20 तरी मिळावेत असे म्हटले होते. ही रक्कम त्या काळातही फार मोठी नव्हती, पण मुलाच्या चुकीचा आणि दुसऱ्याच्या पोटाचा संबंध तिने जोडला होता. जमाखर्चात गांधीजींचा जीव अडकलेला होता तो काटकसरीपायी, असे मानणे उथळपणाचे होईल. काम खरे आहे की खेळ आहे, हे ओळखण्याची त्यांना दुसरी खूण सापडत नव्हती.

एप्रिल 1938 मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. झाकिर हुसेन अध्यक्ष, ई. डब्ल्यू. आर्यनायकम मंत्री. शेगाव नावाचे जे खेडे 1940 मध्ये सेवाग्राम झाले तिथे संघाचे काम उभे राहिले. आर्यनायकम मूळचे सिलोनमधल्या जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती, त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. चित्रकार देवीप्रसादही तिकडचेच, 1944 मध्ये आले. 1949 मध्ये इंग्लंडच्या क्वेकर मार्जरी साइक्स आल्या आणि शिक्षक-प्रशिक्षणाचे काम त्यांनी दहा वर्षे पाहिले. सेवाग्रामच्या शाळेत टकळीखेरीज काहीच नव्हते अशी एक समजूत आहे, ती या नावांपुढे टिकत नाही. देवीप्रसादांच्या वर्गात मुले चित्रे काढत, माती मळत. सणावाराला नाटके बसवली जात. सामुदायिक स्वयंपाकघराची जबाबदारी आळीपाळीने मुलांवर असे: ठरलेल्या पैशात किती धान्य, किती भाजी, कोणाला किती दूध, हे बसवून दाखवायचे आणि नंतर हिशेब द्यायचा. आहारशास्त्र शिकवण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. सफाई हा तर विषयच होता. चराचे संडास, त्यावर मातीचा थर, काही महिन्यांनी निघणारे सोनखत, ते शेतात टाकल्यावर येणारे पीक. आरोग्य, जंतूंचे शास्त्र आणि शेती एका खड्ड्यात एकत्र आलेली. ब्राह्मणाच्या मुलाने फावडे घेऊन हे काम करणे म्हणजे काय, हे त्या काळच्या विदर्भात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

धर्माचा तास नाही म्हणून दोन्ही बाजूंनी ओरड झाली. योजनेचा मसुदा करणाऱ्या दहा जणांत चौघे हिंदू नव्हते: झाकिर हुसेन, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आर्यनायकम आणि जे. सी. कुमारप्पा. तरीही मुस्लिम लीगच्या 1938 च्या पीरपूर अहवालाने काँग्रेस प्रांतांतल्या शिक्षणाला तक्रारींच्या यादीत घातले. त्यात मध्य प्रांतात शुक्लांनी काढलेल्या शाळांचे ‘विद्यामंदिर’ हे नाव मुसलमानांना खुपणारे ठरले आणि त्या नावाचे बिल वर्धा योजनेच्या नावावरही फाडले गेले. इकडे हिंदूंपैकी काहींना रामायण-गीता कुठे गेली असा प्रश्न पडला. गांधीजींनी 1938 मध्ये ‘हरिजन’मधून उत्तर दिले ते थोडक्यात असे: आज धर्म जसे शिकवले आणि पाळले जातात ते जोडण्यापेक्षा तोडतात म्हणून ते बाहेर ठेवले, सगळ्या धर्मांना समान असलेली सत्ये शिकवलीच पाहिजेत, पण ती पुस्तकातून शिकवता येत नाहीत, शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातूनच मुले ती उचलतात. हे उत्तर राजकीय सोयीचे होते असा आक्षेप घेता येतो. घ्यावा. फाळणीच्या दिशेने चाललेल्या देशात धर्मशिक्षणाला हात न लावणे हे शहाणपणाचेच होते. पण टॉलस्टॉय फार्मवर लीग नव्हती की मंत्रिमंडळ नव्हते, आणि निष्कर्ष तोच निघाला होता.

आर्थिक आक्षेप अधिक टोकदार होता. के. टी. शहांनी तो परिषदेतच मांडला: हजारो शाळांतून निघालेला माल बाजारात आला, आणि त्याला कच्चा माल, जागा, मजुरी यांपैकी कशाचाच खरा खर्च पडत नसला, तर ज्या गरीब कारागिरासाठी आपण झटतो त्याचाच धंदा बसेल. दुसरी बाजू बालमजुरीची. सात वर्षांच्या पोराने मास्तरांचा पगार कमवायचा हे ऐकूनच कसेसे होते. रवींद्रनाथांनाही कागदावरची योजना व्यक्तिमत्त्वाच्या विकासापेक्षा भौतिक उपयुक्तता हेच शिक्षणाचे साध्य मानणारी वाटली. हे आक्षेप खोटे नाहीत. समितीनेच अहवालात इशारा दिला आहे की, आर्थिक बाजूवर जोर पडून सांस्कृतिक आणि शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा उघड धोका इथे आहे. मास्तर मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागू शकतात. म्हणजे धोका त्यांना दिसत होता. प्रश्न असा की, त्यावर उपाय काय? माल विकायचाच नाही, हा उपाय सोपा दिसतो. पण वर्षाचे 288 दिवस, रोजची 200 मिनिटे, म्हणजे वर्षाकाठी 960 तास मुलाने जे केले त्याचे शेवटी काहीच करायचे नाही, हे त्याला राबवून घेण्यापेक्षा कमी क्रूर आहे का? मूल हे ओळखते. आपण काढलेले सूत कोणी वापरणार नाही हे कळल्यावर ते नीट कातत नाही, आणि त्याने नीट कातावे तरी का? शहांच्या आक्षेपाला गांधीजींचे उत्तर होते की, सरकारने हा माल घ्यावा. त्या उत्तरात अर्थशास्त्र कच्चे आहे, मानसशास्त्र पक्के आहे.

या सगळ्यांपेक्षा जड आक्षेप जातीचा, आणि त्याचे समाधानकारक उत्तर नई तालीमच्या पुरस्कर्त्यांकडून मिळालेले नाही. हाताने काम करणाऱ्यांच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हाताचे कामच मिळाले होते. शाळा हा त्यातून सुटण्याचा पहिला दरवाजा होता, आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या वर्गातले लोक त्यांना सांगत होते की शाळेतही टकळीच चालवा. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास निम्मे करून उरलेला वेळ मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. पेरियार आणि द्रविड पक्षांनी तिला कुलधर्माचे शिक्षण म्हणून झोडपले. राजाजींना 1954 मध्ये पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती रद्द केली. ही योजना आणि नई तालीम एक नव्हेत. राजाजींच्या योजनेत चांभाराचा मुलगा चांभारकी शिकणार. सेवाग्रामात सगळेच कातणार आणि सगळेच संडास साफ करणार, आणि हा फरक मुळातला आहे. पण आक्षेप तेवढ्याने संपत नाही, कारण प्रश्न शाळेच्या आत काय होते एवढाच नसून शाळेतून बाहेर पडल्यावर मूल कुठे पोहोचते हाही आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज; त्यांचा रोख उच्च शिक्षणावर होता, आणि दलितांच्या पुढच्या इतिहासाने तो बरोबर ठरवला.

महाराष्ट्रात हाताच्या कामाची दुसरी एक परंपरा होती आणि ती पाहिली की आक्षेपाचे मर्म नीट कळते. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नांगराचा रुमणा किंवा सुताराचे वाकस हातात धरायला न लाजणारे शिक्षक मागितले होते. त्यांना पुस्तकी विद्या नको होती असे नव्हे; मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण हे सगळे हवे होते आणि त्याबरोबर शेती आणि आरोग्याचे ज्ञान. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. तिथेही मुले राबत होती, स्वयंपाक करत होती, एका पंक्तीला जेवत होती. पण ‘कमवा आणि शिका’मध्ये राबणे हे शिकण्याचे मोल होते: घाम गाळायचा आणि त्या बदल्यात मॅट्रिक, कॉलेज, पदवी. सेवाग्रामात राबणे हेच शिकणे. शेतकऱ्याच्या घरातून पाहिले तर पहिला सौदा स्वच्छ होता, दुसऱ्यात उत्पन्नाची बाजू कोरी दिसत होती. 1945 च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम गर्भापासून मरणापर्यंत नेली: पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी, प्रौढशिक्षण. उत्तर बुनियादीची मुले आपले अन्न आणि वस्त्र स्वतः पिकवू-विणू लागली, तो प्रयोग म्हणून थोर आहे. पण तिथून बाहेर पडलेल्या मुलाला विद्यापीठे सहजी दारात घेत नव्हती आणि नोकरीच्या अर्जावर लिहायला त्याच्याकडे काही नव्हते. आईबापांनी पाठ फिरवली ती अध्यात्माच्या अभावाने नव्हे. त्यांनीही जमाखर्चच मांडला होता, आणि तो चुकलेला नव्हता.

मग असे म्हणता येईल की, गांधीजींच्या व्यक्तिमत्त्वावर चाललेला हा खेळ होता, ते गेले आणि संपला. तारखा हे म्हणू देत नाहीत. सेवाग्रामच्या शाळेची भरभराटीची वर्षे बरीचशी 1948 नंतरची आहेत. ओहोटी लागली ती पन्नासच्या दशकात, आणि त्याला दोन कारणे घरचीच होती: भूदानाच्या हाकेने चांगले कार्यकर्ते गावोगाव गेले, आणि मान्यतेअभावी मुले मिळेनाशी झाली. दशकाच्या अखेरीस तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला.

तिसरे कारण सरकारचे प्रेम. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने खेरांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमून हस्तोद्योग स्वीकारला. 1944 च्या सार्जंट अहवालाने बुनियादी शिक्षण मान्य केले आणि स्वावलंबन नाकारले. शाळेच्या मालातून फार तर सामानाचा खर्च निघावा, पगार नाही. कागदावर हे समंजस वाटते. प्रत्यक्षात काय झाले? पंचवार्षिक योजनांत आकडे गाठायचे होते, म्हणून साध्या प्राथमिक शाळांच्या पाट्या बदलून त्यांना बुनियादी किंवा मूलोद्योगी म्हटले गेले. महाराष्ट्रात कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या नावात ‘जीवन शिक्षण’ आजही आहे. ते नाव कुठून आले हे तिथल्या मुलांना कोणी सांगत नाही. टकळ्या आल्या, पेळू आले, आठवड्याचे दोन-चार तास ठरले. साहेब तपासणीला आले की मुले ओळीने बसून कातून दाखवत. त्या सुताला गिऱ्हाईक नव्हते, त्यामुळे तराजूही नव्हता. तराजू नाही म्हणून व्यस्त प्रमाण फळ्यावर परत गेले आणि सचोटी सुविचाराच्या फळ्यावर. जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती निघाली, पुढे खुद्द झाकिर हुसेन यांनीही बुनियादी शिक्षणाच्या नावाने चाललेल्या प्रकाराबद्दल कडक शब्द वापरले. 1966 च्या कोठारी आयोगाने त्या नावाचा आग्रह सोडून कार्यानुभव आणला, 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य. महाराष्ट्रात शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांना कार्यानुभव म्हणजे काय हे ठाऊक आहे: आदल्या रात्री आईने करून दिलेला पुष्पगुच्छ आणि मास्तरांनी दिलेली श्रेणी.

नव्वदच्या दशकात याला जोड मिळाली ती मूल्यशिक्षणाची. श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता, नीटनेटकेपणा अशी मूल्यांची यादी ठरली आणि ती सकाळच्या परिपाठात बसवली गेली. वर्ध्याच्या समितीने जे टाळले होते नेमके तेच झाले: कामाचा तास वेगळा, आत्म्याचा तास वेगळा, आणि श्रमप्रतिष्ठेवर बोलणाऱ्या मुलांच्या वर्गाचा केर शिपाई काढतो. काही शिक्षक परिपाठ जीव ओतून घेतात, हे खरे आहे आणि त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. पण संस्था म्हणून पाहिले तर मूल्यांचा तास ही शाळेने स्वतःला दिलेली सूट असते. तो झाला की उरलेल्या दिवसाला मूल्यांची चौकशी राहत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे म्हणून दप्तराविना 10 दिवस सुचवलेले आहेत. त्या 10 दिवसांत झालेल्या चुकीचा भुर्दंड कोणाला पडणार, असे धोरणाला विचारले तर उत्तर येणार नाही, कारण तसा प्रश्नच त्यात नाही.

सेवाग्रामच्या त्याच आवारात 2005 पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालू आहे. शेती, स्वयंपाक, कताई, सफाई तिथे आहे आणि राज्याचा अभ्यासक्रमही आहे. मूल पुढे कुठे जाणार या पालकांच्या प्रश्नाला टाळून चालत नाही, हे तिने मुळातच मान्य केलेले आहे. शिक्षकाचा पगार मुलांच्या सुतातून निघेल अशी अपेक्षा आता कोणी करत नाही, आणि करूही नये. पण परसबागेतली भाजी दुपारच्या ताटात येणार असेल तर अळी पडलेल्या वांग्याचा विचार मुलांना करावाच लागतो. 1937 च्या चौथ्या ठरावातला मुलांना पेलेल असा एवढाच भाग आज शिल्लक आहे. सरकारी धोरणांनी आजवर ज्या ज्या गोष्टी उचलल्या त्यांत तो मात्र नाही.